निवृत्त विमाने जवानांच्या सेवेत : पर्याय कितपत व्यवहार्य?

विशेष प्रतिनिधी

छत्रपती संभाजीनगर : पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झालेल्या आत्मघातकी स्फोटात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले. त्यांपैकी दोघे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील होते. दोनच दिवसांनी त्यांचे पार्थिव विशेष विमानाने येथील चिकलठाणा विमानतळावर आणण्यात आले आणि तेथून त्यांच्या गावांकडे रवाना झाले. कर्तव्यावर रुजू होण्यासाठी ज्यांना बसच्या ताफ्यातून जावे लागले, त्यांचा अखेरचा प्रवास मात्र विमानाने झाला. ही विसंगती मराठवाडा आणि विदर्भातील अनेक घरांना आजही बोचते, कारण या भागातील हजारो तरुण सैन्यात व निमलष्करी दलांत आहेत आणि रजेवरून परतणाऱ्या जवानाचा प्रवास हा येथील कुटुंबांच्या काळजीचा विषय आहे.

जवानांना विमानाने न्यायचे, तर एवढी विमाने आणायची कोठून, हा त्यावरचा स्वाभाविक प्रश्न. त्याचे एक सोपे उत्तर अधूनमधून पुढे येते. प्रवासी कंपन्यांनी सेवेतून काढलेली मोठी जेट विमाने स्वस्तात मिळतात. ती थोडी डागडुजी करून सैन्याच्या वाहतुकीला लावावीत, असे ते उत्तर आहे. मुंबई विमानतळावर उभ्या असलेल्या एअर इंडियाच्या जम्बो विमानांकडे पाहूनही अनेकांच्या मनात हाच विचार येत असे. ४२३ आसनांची ही बोईंग ७४७-४०० विमाने अखेर एका अमेरिकन कंपनीला विकली गेली आणि २२ एप्रिल २०२४ रोजी त्यांपैकी 'आग्रा' नावाच्या विमानाने मुंबईचा कायमचा निरोप घेतला. एका फेरीत एक अख्खी तुकडी नेऊ शकणारे विमान देशाने हातचे घालविले काय?

उत्तर वाटते तितके सरळ नाही. अशा विमानांचा लष्करी वापर जगात अनेकदा यशस्वी झाला आहे. आपल्याकडेही झाला आहे आणि तो महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला आहे. मात्र ज्या परिस्थितीत तो यशस्वी झाला ती परिस्थिती आणि मुंबईच्या धावपट्टीशेजारी उभे राहिलेले जुने जम्बो यांत मोठे अंतर आहे.

डाकोटा ते सुपर कॉन्स्टेलेशन

नागरी विमानांनी सैनिक नेण्याचा प्रयोग स्वतंत्र भारताच्या पहिल्याच संकटात झाला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या शीख बटालियनची तुकडी दिल्लीहून श्रीनगरला उतरली. त्या हवाई मोहिमेत वायुदलाच्या डाकोटांबरोबर खासगी कंपन्यांच्या डाकोटाही जुंपण्यात आल्या होत्या. प्रवासी विमानांच्या मदतीने श्रीनगरची धावपट्टी वाचली आणि धावपट्टी वाचल्यामुळे खोरे वाचले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

त्याहूनही आजच्या चर्चेशी जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५४ पासून लॉकहीड कंपनीची सुपर कॉन्स्टेलेशन ही चार इंजिनांची, पंख्यांची विमाने आपल्या ताफ्यात आणली. तिहेरी शेपटाची ही देखणी विमाने त्या काळी लांब पल्ल्याच्या प्रवासाची शान होती. परंतु १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट आले आणि पंख्यांच्या विमानांचा बाजार एकाएकी ओसरला. १९६२ मध्ये एअर इंडियाचा ताफा संपूर्णपणे जेट विमानांचा झाला. मग या सुपर कॉन्स्टेलेशनचे करायचे काय?

त्यातील नऊ विमाने १९६१-६२ च्या सुमारास वायुदलाकडे सोपविण्यात आली. पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने ती प्रथम वाहतुकीसाठी वापरली. पुढे या स्क्वाड्रनकडील जुनी लिबरेटर विमाने १९६८ मध्ये निवृत्त झाल्यावर सागरी टेहळणीची जबाबदारीही सुपर कॉन्स्टेलेशनवर आली. १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रावर त्यांनी गस्त घातली. १९७६ मध्ये सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे गेले, तेव्हा ही विमानेही गोव्यातील दाबोळी तळावर नौदलाच्या ३१२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. १९८४ मध्ये ती अखेर सेवेतून गेली. प्रवाशांसाठी कालबाह्य ठरलेल्या विमानांनी त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ देशाच्या संरक्षणाचे काम केले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

'निवृत्त' या शब्दाचे दोन अर्थ

पुण्या-गोव्याचा हा प्रयोग यशस्वी का झाला, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. एअर इंडियाने सुपर कॉन्स्टेलेशन काढून टाकली तेव्हा ती म्हातारी झालेली नव्हती. त्यांचे वय जेमतेम चार ते आठ वर्षे होते. ती झिजली म्हणून गेली नाहीत. बाजारात त्यांच्याहून वेगवान विमान आले, म्हणून गेली.

विमान दोन कारणांनी निवृत्त होते. एक म्हणजे त्याचे आयुष्य संपत आलेले असते. दुसरे म्हणजे ते मालकाला नकोसे होते. पहिल्या प्रकारचे विमान कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडते. दुसऱ्या प्रकारचे विमान मात्र संधी असते. जगभरातील यशस्वी उदाहरणे तपासली, तर ती जवळजवळ सर्व या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

ब्रिटनने १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश एअरवेजची सहा आणि नंतर पॅन ॲमची तीन लॉकहीड ट्रायस्टार विमाने घेतली. आठ हजार मैलांवरील बेटांवर सैनिक व रसद कशी पोचवायची, ही त्या देशापुढची अडचण होती. ब्रिटिश एअरवेजची ही विमाने त्या वेळी अवघी तीन-चार वर्षांची होती. केंब्रिजच्या मार्शल कंपनीने त्यांचे रूपांतर केले आणि ती मार्च २०१४ पर्यंत उडत राहिली. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुग कंपनीची तीन एअरबस ए-३१० विमाने १९९१ मध्ये जर्मन वायुदलाला मिळाली. ती दोनच वर्षांपूर्वी खरेदी झालेली होती. कॅनडाने १९९२-९३ मध्ये पाच ए-३१० घेऊन त्यांतून तीस वर्षे सैनिक आणि पंतप्रधान दोघांनाही नेले.

अलीकडची उदाहरणेही तेच सांगतात. कोविडच्या साथीत प्रवासी घटले, लांब पल्ल्याची विमाने रिकामी पडली आणि स्पेनने २०२१ मध्ये आयबेरिया कंपनीची तीन ए-३३० विमाने वायुदलासाठी घेतली. ब्राझीलने अझुल कंपनीची दोन आणि कॅनडाने कुवेत एअरवेजची पाच ए-३३० खरेदी केली. हे सारे व्यवहार संधी साधून झाले. विमान तरुण होते, मालक अडचणीत होता आणि घेणाऱ्या सरकारने वेळेत निर्णय घेतला.

आता एअर इंडियाच्या जम्बो विमानांकडे पाहावे. ती १९९० च्या दशकातली. निरोपाच्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांच्या पुढे गेलेले. चार इंजिनांचा इंधनखर्च, दुर्मीळ होत चाललेले सुटे भाग आणि त्या विमानाचे घटते वैमानिक व तंत्रज्ञ, ही त्यांची स्थिती. शिवाय जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेल्यावर विमानांच्या विक्रीचा निर्णयही सरकारच्या हातात उरला नव्हता. त्यांच्या जाण्याने देशाने भावनिक वारसा गमावला असेल. लष्करी साधन मात्र गमावलेले नाही.

विमान मोठे, पण जमिनीपासून उंच

सैनिकांची वाहतूक दोन प्रकारची असते, याचाही विचार या चर्चेत अनेकदा सुटतो. एक वाहतूक युद्धभूमीच्या दिशेने होते. तीत सैनिकाबरोबर त्याची वाहने, तोफा, दारूगोळा, तंबू आणि शिधा जातो. दुसरी वाहतूक छावणीतून छावणीकडे होते. रजेवर जाणारे, रजेवरून येणारे, बदली झालेले आणि एका सेक्टरमधून दुसऱ्या सेक्टरमध्ये हलविले जाणारे जवान तीत असतात. त्यांच्याजवळ शस्त्र आणि सामानाची पेटी एवढेच असते.

पहिल्या कामासाठी प्रवासी विमान कुचकामी आहे. जम्बोच्या मुख्य मजल्याचा दरवाजा जमिनीपासून सुमारे सोळा फूट उंचीवर असतो. शिडी किंवा उचल यंत्र असल्याशिवाय माणूसही उतरू शकत नाही. जीप किंवा तोफ तर दूरच. वायुदलाकडील सी-१७ ग्लोबमास्टरचा मागचा उतार थेट जमिनीला टेकतो आणि त्यावरून रणगाडासुद्धा आत जातो. हे विमान ७७ टनांपर्यंत भार वाहते आणि साडेतीन हजार फुटांच्या धावपट्टीवर उतरू शकते. भारताकडे अशी ११ विमाने आहेत. २०२० च्या गलवान संघर्षानंतर वायुदलाने ६८ हजारांहून अधिक सैनिक, सुमारे ९० रणगाडे आणि ३०० हून अधिक चिलखती वाहने लडाखमध्ये पोचविली, अशी माहिती २०२३ मध्ये संरक्षण क्षेत्रातील सूत्रांनी दिली होती. हे काम कोणत्याही प्रवासी जेटला जमले नसते. साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील लेहच्या विरळ हवेत मोठ्या जेटला भार कमी करूनच उड्डाण करावे लागते.

धावपट्टीचे महत्त्व या शहराला वेगळे सांगण्याची गरज नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ उड्डाण घेताना बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळले आणि ५५ जणांना प्राण गमवावे लागले. ते तर तुलनेने लहान जेट होते. पुढे येथील धावपट्टी ९,३०० फुटांची झाली आणि ती आणखी वाढविण्यासाठीच्या भूसंपादनाचा विषय अनेक वर्षे चर्चेत राहिला. वैशाखातील तापलेल्या हवेत पूर्ण भरलेल्या जम्बोला याहूनही लांब पट्टी लागते. म्हणजे असे विमान दिल्ली, मुंबई, नागपूर यांसारख्या मोजक्या ठिकाणांपुरतेच उपयोगी. जवान मात्र मोजक्या शहरांतून येत नाहीत आणि मोजक्या शहरांत तैनातही नसतात.

दुसऱ्या प्रकारच्या वाहतुकीत मात्र प्रवासी जेट लष्करी मालवाहू विमानाला सहज मागे टाकते. सी-१७ मध्ये मधोमध आसने बसवूनही साधारण १३४ सैनिक बसतात. कडेच्या आसनांवर, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात त्यांचा प्रवास होतो आणि दर तासाचा खर्च प्रवासी विमानाच्या कितीतरी पट असतो. रणगाडे वाहण्यासाठी घेतलेले विमान रजेवरच्या जवानांसाठी वापरणे म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रकमधून वऱ्हाड नेण्यासारखे आहे. वेळ पडली तर जमते. रोज परवडत नाही.

रूपांतर म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे

प्रवासी विमानाला करडा रंग दिला आणि शेपटीवर तिरंगा काढला, की ते लष्करी होत नाही. किमान बदल म्हटला तरी लष्करी संपर्कयंत्रणा, शत्रू-मित्र ओळखणारे उपकरण आणि क्षेपणास्त्राची चाहूल देऊन त्याला चकवणारी यंत्रणा बसवावी लागते. पंतप्रधान व राष्ट्रपतींसाठीची दोन बोईंग ७७७ विमाने याचे ठळक उदाहरण आहे. ती एअर इंडियासाठी आलेली विमाने होती. अमेरिकेत त्यांच्यावर काम होऊन २०२० मध्ये ती परतली आणि आता वायुदल ती चालविते.

मोठा माल घ्यायचा असेल, तर विमानाच्या कुशीत मोठा दरवाजा कापावा लागतो. दाब सहन करणाऱ्या नळकांड्याला एवढे मोठे भोक पाडायचे, म्हणजे भोवतालचा सांगाडा नव्याने बळकट करावा लागतो. प्रवाशांच्या वजनासाठी केलेली जमीन उचकटून तिच्याखालील तुळया बदलाव्या लागतात. हे काम मंजूर आराखड्याशिवाय आणि प्रमाणपत्राशिवाय होत नाही.

त्यानंतर खरा खर्च सुरू होतो. विमानाचे वय वर्षांत मोजतात, तसे ते उड्डाणांच्या संख्येतही मोजतात. प्रत्येक उड्डाणात विमानाचे कवच एकदा फुगते आणि एकदा आकसते. त्यातून धातूला बारीक तडे जातात. ठरावीक वर्षांनी संपूर्ण विमान उघडून केली जाणारी मोठी तपासणी जुन्या विमानाच्या बाबतीत त्याच्या बाजारभावाहून महाग पडू शकते. म्हणूनच कंपन्या अनेकदा अशा तपासणीच्या तोंडावर विमान विकून मोकळ्या होतात. स्वस्त मिळालेल्या विमानाचे बिल बहुधा तेथेच दडलेले असते.

ब्रिटनलाही हा अनुभव आला. सुरुवातीची वीस वर्षे उत्तम काम करणारी ट्रायस्टार विमाने इराक व अफगाणिस्तानच्या मोहिमांच्या काळात वारंवार नादुरुस्त होऊ लागली. रजेवर निघालेले सैनिक तळावर खोळंबू लागले आणि मोजक्या दिवसांची त्यांची रजा विमानाची वाट पाहण्यात जाऊ लागली. या 'हवाई पुला'च्या अविश्वासार्हतेची दखल ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीलाही घ्यावी लागली.

गँडरचा धडा

याहून भीषण उदाहरण अमेरिकेचे आहे. १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातील गँडर विमानतळावरून उडालेले एक भाडोत्री डीसी-८ विमान काही क्षणांतच कोसळले. इजिप्तच्या सिनाई भागातील शांतिसेनेतून नाताळासाठी घरी परतणारे अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे २४८ सैनिक आणि आठ कर्मचारी त्यात मरण पावले. कारणाविषयी चौकशी मंडळातच मतभेद झाले. बहुसंख्य सदस्यांनी पंखांवरील बर्फाकडे बोट दाखविले, तर इतरांनी ते मान्य केले नाही. परंतु सैनिकांसाठी विमान भाड्याने घेताना लष्कर त्याची पुरेशी तपासणी करते काय, हा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला. पुढे कायदा करून अशा कंपन्यांची लष्करामार्फत स्वतंत्र तपासणी बंधनकारक करण्यात आली.

शांततेच्या काळात, शत्रूने एकही गोळी न झाडता, एका दिवसात अडीचशे सैनिक गेले. 'जवानांसाठी काय, जुने विमानही चालेल' ही वृत्ती कोठे नेऊ शकते, याचा विचार या अपघाताच्या निमित्ताने व्हायला हवा. तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशाला जे विमान चालत नाही, ते हुकूम म्हणून बसणाऱ्या जवानाला चालवून घ्यायला लावणे योग्य नव्हे. प्रवाशाला विमान नाकारण्याचा हक्क असतो. जवानाला तो नसतो.

पुलवामाचे गणित

या पार्श्वभूमीवर पुन्हा पुलवामाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. हिमवृष्टीमुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग काही दिवस बंद राहिला. जवान जम्मूत साचले आणि मार्ग खुला होताच ७८ वाहनांच्या ताफ्यातून अडीच हजारांहून अधिक जवान एकाच वेळी निघाले. एवढा मोठा ताफा हेच मोठे लक्ष्य ठरले.

अडीच हजार जवान हलवायचे, तर सी-१७ च्या साधारण १९ फेऱ्या लागतात. ४२३ आसनांच्या जम्बोच्या सहाच फेऱ्या लागतील. कागदावर जम्बो जिंकतो. परंतु जम्मूची धावपट्टी त्या काळी सुमारे ६,७०० फुटांची होती. तेथून भरलेले जम्बो उडालेच नसते. या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या १८० आसनांच्या साध्या जेटला मात्र १४ फेऱ्या पुरल्या असत्या. दोन विमाने घेतली, तर प्रत्येकी सात. हवामानाने साथ दिली असती, तर दोन दिवसांचे काम. अर्थात महामार्ग बंद करणारा बर्फ अनेकदा विमानतळही बंद करतो आणि शस्त्रे व सामानामुळे काही आसने रिकामी ठेवावी लागतात, हेही खरे. तरी मुद्दा स्पष्ट आहे. अशा प्रसंगी निवृत्त महाकाय विमानाची गरज नसते. उपलब्ध असलेले मध्यम विमान वेळेवर मागवण्याची व्यवस्था लागते.

ही व्यवस्था होती काय, यावर राजकीय वाद झाला. जवानांना हवाई सुविधा नाकारल्याचे वृत्त गृह मंत्रालयाने त्याच आठवड्यात फेटाळले होते. दलांसाठी या मार्गावर विमानसेवा आधीपासून असून तिच्या फेऱ्याही वाढविण्यात आल्या आहेत, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. एप्रिल २०२३ मध्ये मात्र घटनेच्या वेळी जम्मू-काश्मीरचे राज्यपाल असलेल्या सत्यपाल मलिक यांनी, दलाने विमाने मागितली होती व ती मिळाली नाहीत, असा आरोप केला. हे पदावर असताना का सांगितले नाही, असा प्रतिप्रश्न केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी केला. वादाचा निकाल काहीही लागो. घटनेनंतर आठवड्याभरात, २१ फेब्रुवारी २०१९ रोजी, दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या मार्गांवर दलांच्या सर्व जवानांना विमानप्रवासाचा हक्क देण्यात आला. शिपाई, हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक दर्जाच्या सुमारे ७ लाख ८० हजार जवानांना त्याचा लाभ होणार होता. त्यासाठी एकही निवृत्त विमान विकत घ्यावे लागले नाही. एक आदेश पुरला. जून २०२५ मध्ये काश्मीर खोरे देशाच्या उर्वरित भागाशी रेल्वेने जोडले गेल्याने त्या मार्गावरील ताण आणखी हलका होण्यास मदत झाली आहे. ईशान्य भारत, अंदमान आणि लडाख येथील प्रश्न मात्र शिल्लक आहे.

सरकारच्या हाती कंपनी नाही, करार असू शकतो

पूर्वी अशा प्रसंगी एअर इंडिया हे हुकमी साधन होते. १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणानंतर एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे परत आणताना एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे केली. सरकारी कंपनी असल्यामुळे विमान वळवायला आदेश पुरत असे. जानेवारी २०२२ नंतर ती सोय राहिलेली नाही. तथापि त्यानंतर महिन्याभरातच युक्रेनमधील विद्यार्थ्यांसाठी राबविलेल्या 'ऑपरेशन गंगा'त झालेल्या ९० उड्डाणांपैकी ७६ नागरी कंपन्यांची आणि १४ वायुदलाची होती. सरकारी कंपनी नसतानाही नागरी विमाने मिळाली. मात्र प्रत्येक संकटात नव्याने धावपळ करून ती मिळवावी लागू नयेत, हा त्यातील धडा आहे.

अमेरिकेने त्यासाठी १९५० च्या दशकापासून नागरी राखीव हवाई ताफ्याची योजना आखली. कंपन्या आपली ठरावीक विमाने संकटकाळी देण्याचे आधीच कबूल करतात आणि त्या बदल्यात शांततेच्या काळात त्यांना सरकारी वाहतुकीचे काम मिळते. ही योजना आजवर फक्त तीनदा अमलात आणावी लागली : १९९० मध्ये आखाती युद्धासाठी, २००३ मध्ये इराकसाठी आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून माघारी आणलेल्या लोकांसाठी. पहिल्या प्रसंगी तर आखातात गेलेल्या निम्म्याहून अधिक सैनिकांना नागरी विमानांनीच नेले. जगातील सर्वांत मोठे वायुदल असलेला देशही केवळ माणसे नेण्यासाठी स्वतःचा ताफा उभा ठेवत नाही, हे यातून लक्षात येते.

भारतातील विमान कंपन्यांकडे आज शेकडो नव्या पिढीची विमाने आहेत. वयाने तरुण, तपासणी झालेली आणि लहान-मोठ्या विमानतळांवर रोज उतरणारी. संरक्षण व गृह या दोन्ही मंत्रालयांनी मिळून त्यांच्याशी दीर्घ मुदतीचा करार करणे हा जुनी विमाने विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग ठरेल.

टँकरच्या निमित्ताने

मग प्रवासी विमानांच्या लष्करी रूपांतराला भारतात जागाच नाही काय? आहे, पण ती वेगळी आहे. वायुदलाला हवेत इंधन भरणाऱ्या विमानांची तीव्र टंचाई आहे. २००३-०४ मध्ये आलेल्या सहा इल्युशिन-७८ विमानांवर सारी भिस्त आहे. एअरबसचे ए-३३० टँकर दोनदा निवडले गेले आणि दोन्ही वेळा, २०१० आणि २०१६ मध्ये, खरेदी बारगळली. एप्रिल २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इस्रायल एरोस्पेस यांच्यात प्रवासी विमानांचे टँकर-वाहतूक विमानांत रूपांतर करण्यासाठी सामंजस्य करार झाला. वापरलेल्या बोईंग ७६७ विमानांचे रूपांतर करून सहा टँकर देण्याच्या सुमारे आठ हजार कोटींच्या प्रस्तावात हीच इस्रायली कंपनी एकमेव उरल्याचे वृत्त ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सहा ए-३२१ विमानांवर टेहळणी रडार बसविण्याच्या योजनेलाही मंजुरी मिळालेली आहे.

टँकर विमानात वाहतुकीची सोय आपोआप येते. इंधन बहुतांशी पंखांत आणि पोटात असते. वरचा मजला आसनांसाठी मोकळा राहू शकतो. एअरबसचा ए-३३० टँकर १११ टन इंधनाबरोबर तीनशेपर्यंत सैनिक नेऊ शकतो. स्पेन व कॅनडा यांनी घेतलेली वापरलेली ए-३३० आधी वाहतुकीला लागली आणि नंतर त्यांचे टँकरमध्ये रूपांतर करण्याचे ठरले. म्हणजे विमान पहिल्या दिवसापासून कामी येते. भारतानेही टँकर घेताना सैनिक नेण्याची सोय कागदावरची टीप म्हणून न ठेवता कराराची मुख्य अट करावी, हे यातून सुचते.

येथेही वयाचा प्रश्न आहेच. बोईंग ७६७ च्या प्रवासी आवृत्तीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे मिळणारे प्रत्येक विमान दहा वर्षांहून जुने असणार आणि बरीचशी त्याहून कितीतरी जुनी. जमेची बाजू अशी, की याच विमानावर आधारलेला केसी-४६ टँकर अमेरिकेत अजून तयार होतो आणि सुटे भाग मिळत राहण्याची शाश्वती त्यामुळे वाढते. जम्बोबाबत अशी शाश्वती नव्हती. विमान निवडताना त्याच्या किमतीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या गोष्टींना आहे.

नागपूर आणि मराठवाडा

या व्यवहारात महाराष्ट्राचा स्वार्थही आहे. एअर इंडियाच्या २००६ च्या विमान खरेदीचा भाग म्हणून बोईंगने नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्र उभारले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. २०२२ च्या हस्तांतरणात एअर इंडियाची अभियांत्रिकी कंपनी टाटांकडे गेली नाही. रूंद विमाने सामावणारे हँगर आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ राज्यात असताना रूपांतरित विमानांच्या मोठ्या तपासण्या परदेशी करण्याचे कारण नाही. आसनांचे सांगाडे, स्ट्रेचर लावण्याची चौकट, सामानाचे कप्पे यांसारखी कामे शेंद्रा, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतील सुट्या भागांच्या कारखान्यांच्या आवाक्याबाहेरची नाहीत. विमान उद्योगाचे प्रमाणपत्र मिळविण्याची चिकाटी मात्र त्यासाठी हवी. वाहन उद्योगाच्या निकषांवर विमानाचा स्क्रूही बसत नाही.

तात्पर्य, निवृत्त विमान हे आपोआप वरदान नाही आणि आपोआप भंगारही नाही. पुण्यातील सुपर कॉन्स्टेलेशन यशस्वी झाली, कारण ती तरुण होती, वायुदलाला त्यांच्यासाठी निश्चित काम होते आणि ती सांभाळण्याची यंत्रणा होती. या तीन अटी पूर्ण होत असतील, तर वापरलेले विमान जरूर घ्यावे. होत नसतील, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये. रजेवरून परतणाऱ्या जवानाला मोठे विमान नको असते. त्याला वेळेवर सुटणारे आणि सुखरूप पोचविणारे विमान हवे असते. ते त्याला हयातीत मिळावे, एवढीच चिकलठाण्याच्या धावपट्टीवर दोन शवपेट्या उतरताना पाहिलेल्या या भागाची अपेक्षा आहे.